चार आवाजांतलं पाणी

आमच्या थोरल्या नणंदबाईंइतकी निव्वळ कानावर जगणारी बाई अंबडपासून भोकरदनपर्यंत दुसरी सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते. बाकीचे लोक भाजी डोळ्यांनी बघून घेतात. आक्का भोपळ्यावर टिचकी मारतात, मान कलती करून ऐकतात आणि भाजीवाल्याला सांगतात, "हा आतून पोकळ बोलतो, दुसरा दे." आमचा फ्रिज बंद पडायच्या पंधरा दिवस आधी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून जाता जाता सांगितलं होतं, "सुमन, याचा सूर उतरलाय. मेकॅनिकला बोलाव." मी बोलावलं नाही, कारण फ्रिज थंड करत होता. पंधरा दिवसांनी मेकॅनिक आला तेव्हा आक्काच दारात उभ्या होत्या. "तुम्हाला आधीच कसं कळलं ताई?" त्यानं विचारलं. "तो सांगतच होता की," आक्का म्हणाल्या, आणि माझ्याकडे एकदाही न बघता पुढे गेल्या.

त्यांच्या पर्समध्ये पैसे नसतात, रुमाल नसतो, चष्माही बहुतेक वेळा घरी राहिलेला असतो. पण शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा लोखंडी नादकाटा मात्र कायम असतो. तो गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा आणि समोरचं जग बरोबर आहे की नाही ते ठरवायचं, ही त्यांची पद्धत. माझ्या भाच्याच्या लग्नात वरात दारातून निघाली, आणि आक्कांनी हात वर करून ती थांबवली. घोड्यावर नवरदेव, मागे नाचणारी पोरं, आणि मध्ये आक्का नादकाटा गुडघ्यावर आपटतायत. बँडमधल्या दोन क्लॅरिनेटचं आपसात पटत नव्हतं. ते पटवून दिल्यावरच घोडा हलला. मी त्या लग्नाचं वेळापत्रक कागदावर काढून मंडपाच्या खांबाला चिकटवलं होतं. त्यात या कामासाठी वेळ राखून ठेवलेला नव्हता. बँडमास्तर मात्र जाताना आक्कांच्या पाया पडून गेला.

नोकरी त्यांनी केली ती एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवतं, किती सडतं, किती नुसतंच फुगून बसतं, हे बघायचं. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी प्रयोगशाळेची भाषा सुटली नाही. नव्या सुनेला पाहून आल्यावर घरात त्यांचा निकाल असा असतो: "उगवण चांगली आहे, जोम कमी वाटतो." नोकरीत असताना एकदा त्यांना प्रशिक्षणासाठी हैदराबादला पाठवलं होतं. वसतिगृहाच्या शेजारी चर्च होतं आणि तिथे रोज संध्याकाळी चार आवाजांत गाण्याची तालीम चालायची. म्हणजे एकच चाल सगळ्यांनी मिळून म्हणायची नाही. चार गटांनी चार वेगळ्या ओळी एकाच वेळी गायच्या आणि त्या एकमेकींत बसवायच्या. प्रशिक्षणात काय शिकलात हे आक्कांना कुणी विचारलं तर त्या आजही त्या भिंतीपलीकडचंच सांगतात.

निवृत्तीनंतर त्यांनी जालन्यात असाच गायनवृंद काढला. मला विचारलं नाही. "खुर्च्या, चहा आणि हजेरी सुमनकडे," असं परस्पर जाहीर केलं. ते ठीकच होतं. मी कुठेही गेले तरी खुर्च्या, चहा आणि हजेरी माझ्याकडेच येतात. पण त्यांनी मला गायलाही उभं केलं. "तुझा आवाज साधा आहे. साधा आवाज आतल्या ओळीला लागतोच," त्या म्हणाल्या. ही स्तुती होती हे कळायला मला बराच काळ गेला. जागा मिळाली स्टेशनच्या बाजूला, एका मारवाडी शेटजींचं बियाण्याचं रिकामं गोदाम. शेटजींची अट एकच: "बहेनजी, आराम से गाओ. माल आया तो खाली करना पडेगा." आणि त्यांची बायको, आमच्या भाभी, वृंदात. गोदामात बियाण्याला लावायच्या औषधाचा वास भिंतींत मुरलेला, त्यामुळे दर शनिवारच्या तालमीची सुरुवात सगळ्यांच्या शिंकांनी व्हायची. खुर्च्या मी जवळजवळ मांडल्या की आक्का त्या दूर सरकवायच्या. "दोन बियांत अंतर ठेवायचं असतं. एकीला बुरशी लागली की शेजारचीला लागते." इथे बुरशी म्हणजे बेसूर होणं, हे नव्या माणसाला मी बाजूला घेऊन समजावत असे, म्हणजे तो दुसऱ्या शनिवारीही यायचा.

काही वर्षं आम्ही चार आवाजांत गोड गोड गाणी म्हटली. मग मूळची अंबडची, पुण्यात संगीतरचना शिकणारी एक मुलगी आक्कांना कुठे तरी भेटली आणि आमचे गोड दिवस संपले. तिनं वृंदासाठी एक नवी रचना लिहिली होती. ताल नाही, वाद्य नाही, अंतरा नाही. शब्द म्हणाल तर सगळे मिळून एकच वाक्य: नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी कधी येईल याची खात्री कुणीच देत नाही, आणि आलं की पहिली एक बाई कुजबुजते, मग दुसरी, मग गल्ली जागी होते, मग आरडाओरडा, घागरी, बादल्या. हे सगळं त्या मुलीनं सुरांत मांडलं होतं. कुणी कुजबुजायचं, कुणी आपापल्या गतीनं म्हणत राहायचं, कुणी खालून वर घसरत जायचं. सगळ्यात अवघड म्हणजे शेजारशेजारच्या दोघांनी, एकानं सा आणि दुसऱ्यानं कोमल रे, एकाच वेळी, लांबलचक धरायचा. ते ऐकताना दाढ ठणकल्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी हे ऐकल्यावर आमचे साळवे पुढे आले. साळवे एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला. पाळी संपली की गळ्यातल्या टॉवेलसकट मोटारसायकलवरून थेट तालमीला. वृंदातला सगळ्यात खालचा आवाज त्यांचा.

"आक्का, खरं सांगू का? आमच्या मिलमधी असला आवाज आला ना, की आम्ही जल्दी मशीन बंद करतो."

"आणि बंद नाही केलं तर?"

"मंग काहीतरी तुटतंय."

"तो तुटायच्या आधीचा आवाज लक्षात आहे ना? बिलकुल तोच पाहिजे. धरा."

साळवेंनी धरला, आणि जन्मभर मशीन वाचवलेल्या त्या माणसाच्या कपाळावर घाम आला.

रचनेचा शेवट मोठ्यानं आहे. पुरुष दारांशी उभे राहतात आणि चहूबाजूंनी 'पाणी आलं, पाणी आलं' असा गजर होतो. आम्ही तो पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं केला त्या शनिवारी गोदामामागची गल्ली उठली. घराघरांतून पाणी ओढायच्या मोटारी सुरू झाल्या, बायका बादल्या घेऊन नळांशी गेल्या, आणि थोड्या वेळानं एक म्हाताऱ्या आजी कळशी कमरेवर घेऊन गोदामाच्या दारात आल्या.

"कुठं आलं पाणी?"

"आजी, आलं नाही. आम्ही गात होतो," मी म्हटलं.

"गात होता? आल्यावर गावं की मंग!"

मागे पंधरा-वीस माणसं जमली होती आणि कुणाचाच चेहरा बरा नव्हता. मी माफी मागत होते, साळवे हात जोडत होते, आणि आक्का सगळ्यांच्या मधे उभ्या राहून डोळे मिटून म्हणत होत्या, "सुमन, मोटारी ऐक! सगळ्या मिळून कोमल रे धरतायत. बघ, त्यांना जमतं!" पुढच्या शनिवारपासून मी दाराबाहेर पाटी लावली: 'आत गाणं चालू आहे. पाणी आलेलं नाही.' गल्लीची तक्रार तिथे संपली.

वृंदातली तक्रार संपणारी नव्हती. तिचं कारण म्हणजे शकूकाकू. जुन्या जालन्यातल्या भजनी मंडळाच्या त्या मुख्य. आपल्या मंडळातल्या सहा-सात बायकांना घेऊन त्या वृंदात आल्या होत्या. आवाज असा, की एका टोकाला त्या गायल्या तर दुसऱ्या टोकाची बाई आपला सूर सोडून त्यांच्यामागे चालू लागे. आणि त्यांच्या मंडळाची एक जुनी रीत होती, कुणी शिकवलेली नाही, आपोआप आलेली. गाताना एखादीचा सूर घसरला, तर बाकीच्या सगळ्या झटकन त्या घसरलेल्या जागी जाऊन उभ्या राहायच्या. ऐकणाऱ्याला कळतच नाही की कोणी चुकलं. चुकणारी वाचते, भजन पुढे जातं. आमच्या नव्या रचनेत हीच रीत आडवी आली. भाभींचा कोमल रे जरा डळमळला की काकू धावून जात, त्यांच्यामागे सगळा वृंद, आणि चार आवाजांचा एक आवाज होऊन बसे. आक्का हात झटकत. "एक झालं! पुन्हा एक झालं! एक नकोय मला!"

शेवटी त्यांनी काकूंना सगळ्यांच्या खालचा सा दिला. बाकीचे आवाज त्याच्यावर उभे राहणार होते, म्हणून तो साळवेंच्या खालच्या गळ्यापेक्षा काकूंच्या पक्क्या गळ्याकडे द्यायचा, असा त्यांचा हिशेब.

"काकू, तुम्ही फक्त खालचा सा. हळू. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आन् शब्द?"

"शब्द नाहीत. ओठ मिटून."

"म्हंजे तोंड बंद ठिवू? तंबोरा समजून राह्यल्या का मला?"

तरी काकूंनी बरेच शनिवार तो सा धरला. चेहऱ्यावर नाराजी, पण सूर जरा म्हणून हलला नाही. मग एका तालमीत भाभी पार कोसळल्या. आवाज फाटला, डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी क्षणात आपला सा सोडला आणि भाभींच्या फाटक्या सुरावर जाऊन उभ्या राहिल्या. सगळा वृंद पाठोपाठ.

"पडू द्या तिला!" आक्का ओरडल्या. "तिची ती उठेल. तुम्ही जागा सोडलीत म्हणून सगळे पडले!"

 काकूंनी पदर खोचला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "आक्का, पडल्याल्या बाईला हात न देता गायचं असंल, तर त्ये गाणं तुमचं तुम्हाला लखलाभ. आमच्याच्यानं न्हाई व्हायचं." त्या निघाल्या. त्यांच्या मंडळातल्या बायकांनी एकेक करून पिशव्या उचलल्या आणि मागोमाग गेल्या. ही रचना आम्ही जिल्ह्यातल्या वृंदांच्या कार्यक्रमात म्हणणार होतो, आणि उरलेल्या लोकांत तोपर्यंत कोण टिकेल याची मला खात्री नव्हती. दोघांनी तर बाहेर चपला घालतानाच पुढच्या शनिवारी अडचण असल्याचं मला सांगून टाकलं.

आक्का आमच्याच घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहतात. त्या संध्याकाळी मी पोळ्या घेऊन गेले तर त्या दिवा न लावता बसल्या होत्या. मी कामाचं बोलले. नवी रचना बाजूला ठेवू, जुनं एखादं गोड गाणं कार्यक्रमात म्हणू, उद्या काकूंकडे जाऊन मिटवून येऊ. आक्कांनी ऐकून घेतलं.

"काकू बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "मीही बरोबर आहे. शेजारशेजारचे दोन सूर आहोत आम्ही. एकदम वाजले की असाच आवाज येतो."

"मग तो धरायचा की सोडायचा?"

"धरायचा. पण दोघींनी धरायला हवा ना." मग म्हणाल्या, "वृंद मोडला तर मोडेल गं. लोकांना घरं आहेत, कामं आहेत. मला फक्त शनिवारचं काय करायचं ते कळणार नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल माझ्याजवळ काढलेलं हे पहिलं वाक्य. मी पोळ्या झाकून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी एकटीच काकूंकडे गेले. काकूंनी चहा केला, चिवडा दिला, माझ्या सुनेची चौकशी केली, आणि शेवटी म्हणाल्या, "आक्कांना सांगा, गाणं सोडलंय, राग न्हाई. कारेक्रमाला येईन मी. ऐकाया."

कार्यक्रम गावातल्या नाट्यगृहात होता. जिल्ह्यातले बरेच वृंद आले होते. आमच्या आधीच्यांनी ढोलकीवर जोरदार गाणी म्हटली, लोकांनी ठेका धरला. मग आम्ही उरलेली माणसं अंतर ठेवून उभी राहिलो. रचना लिहिणारी मुलगी पुण्याहून आली होती, पहिल्या रांगेत होती. तिसऱ्या रांगेत शकूकाकू आणि त्यांच्या बायका. आक्कांनी नादकाटा गुडघ्यावर आपटला, पर्समध्ये टाकला, पर्स विंगेत ठेवली आणि हात उचलला. आणि सांगायला अभिमान वाटतो, निम्मी रचना आम्ही नीट म्हटली. भाभींचा कोमल रे उभा राहिला. काकूंच्या जागी साळवेंनी खालचा सा धरला होता. तो मिलच्या भट्टीसारखा जरा घुमत होता, पण होता.

या रचनेच्या मधोमध एक लांब शांतता लिहिलेली आहे. कोणी हलायचं नाही, सगळ्यांनी आपापला सूर मनात धरून ठेवायचा, आणि आक्कांचा हात खाली आला की तिथूनच पुढे जायचं. आम्ही शांत झालो. नाट्यगृहाला वाटलं, संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि सूत्रसंचालक शाल आणि नारळ घेतलेल्या प्रमुख पाहुण्यांना घेऊन थेट रंगमंचावर आले. "वा, वा! काय वेगळा प्रयोग! टाळ्या थांबायला नकोत!" आक्कांचा हात वर होता, त्या हाताखालूनच पाहुण्यांनी शाल पांघरली. नारळ ठेवायला हात हवा म्हणून सूत्रसंचालकांनी वर असलेला हात अदबीनं खाली ओढला. आमच्यातल्या दोघांना तो इशारा वाटला आणि ते गायला लागले. बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते थांबले. फोटो काढला गेला. पाहुणे खाली उतरले.

आक्का अंगावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभ्या होत्या. नादकाटा विंगेतल्या पर्समध्ये. आमच्यापैकी कोणाच्याच मनात आपला सूर उरला नव्हता. मी साळवेंकडे बघितलं, त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. लोक आता पुढच्या वृंदाची वाट बघत होते. आक्कांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं, आणि इतक्या लोकांत त्या मला दिवा न लावलेल्या खोलीत बसल्यासारख्या वाटल्या.

तेवढ्यात अंधारातून सा आला. तिसऱ्या रांगेतून. खालचा, हळू, ओठ मिटलेला, जरा म्हणून न हलणारा.

आधी साळवे त्याच्यावर उभे राहिले. मग मी, मग भाभींचा कोमल रे, त्या सा ला घासून, ठणकत, जागेवर. प्रेक्षकांतल्या मंडळाच्या बायकांनी आपापल्या जुन्या ओळी खुर्चीतूनच धरल्या. कोणी कोणाकडे धावून गेलं नाही. आक्कांनी नारळासकट हात उचलला, आणि पुढची सगळी रचना त्यांनी नारळानंच चालवली. शेवटी 'पाणी आलं'चा गजर झाला तेव्हा तो दोन्हीकडून झाला, रंगमंचावरून आणि खुर्च्यांतून. मागे कोणीतरी शेजाऱ्याला समजावत होतं, "आजकालच्या संगीतात असंच असतं. बाया आधीच बसवून ठेवतात." ती पुण्याची मुलगी आक्कांना भेटली तेव्हा म्हणाली, "मी असं लिहिलं नव्हतं. आता लिहीन."

बाहेर मोटारसायकली लावतात तिथे आक्का आणि काकू समोरासमोर आल्या. मी जरा दूर थांबले, पण कान माझेही आहेत.

"तुम्ही गाणं सोडलं होतं ना?" आक्का म्हणाल्या.

"निम्मंच झाल्तं की. निम्म्यात कसं उठायचं?"

"माझा तोल गेला म्हणून धावून आलात."

"धावून कशाला येऊ? मी तर जागेवरच व्हते. तुमीच दिल्ती की मला ही जागा."

 आक्कांनी शाल सारखी केली, नारळ या हातातून त्या हातात घेतला. "शनिवारी साडेचारला," त्या म्हणाल्या. "चहा सुमन करते."

शनिवारी काकू आल्या, बायकांसकट. अडचण सांगून गेलेले ते दोघेही आले. मी खुर्च्या पुन्हा पूर्ण मांडल्या, अंतर ठेवून. शिंका झाल्या, गाणं सुरू झालं. थोड्या वेळानं भाभी नेहमीच्या ठिकाणी घसरल्या, आणि काकू नेहमीसारख्या त्यांच्याकडे गेल्या, आणि त्यांच्यामागे सगळे. मीसुद्धा. सगळ्या गोदामाचा मिळून एकच सूर झाला, भरलेला, गोल. मी आक्कांच्या ओरडण्याची वाट बघत होते. त्यांचा हात झटकायला वर गेला, आणि तिथेच राहिला. बाहेरून एक मालगाडी गेली. ती संपेपर्यंत आम्ही तो सूर धरून होतो. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आक्कांना नुसतं ऐकताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या काही तपासत नव्हत्या.

मग त्या म्हणाल्या, "बरं. आता आपापल्या जागी." काकू हसल्या आणि खाली आपल्या सा वर गेल्या. बाकीचेही हळूहळू पांगले, एकेक सूर सुटा होत गेला. आक्कांनी हात मात्र बराच वेळ खाली घेतला नाही.